हात कामात गुंतलेले असावेत म्हणून

तीर्थरूप आबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आबा निवृत्त झाल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण तुम्हां दोघांना ‘आता आराम करा’ असे सांगून जातो. त्यांच्या मनात आपुलकीच असते, पण हा सल्ला मला पटत नाही. का पटत नाही, हे फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आबा, शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन मी उद्यमनगरात येत असे, तेव्हा तुम्ही लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, शेवटचा कट घेत असाल तर दारातच थांबायचे, हाक मारायची नाही, हे मला न सांगता कळले होते. टूल नीट कापते आहे की नुसते घासते आहे, हे तुम्ही आवाजावरून ओळखत होता. निघणारा बुरा निळा पडू लागला की तुमचा हात आपोआप चाकाकडे जाई. मग मशीन थांबवून मायक्रोमीटर लावायचा, माप पाहायचे, शतांश मिलिमीटरचा हिशेब मनातच करायचा आणि पुन्हा कट. त्या वेळी तुम्हाला भूक नसे, घड्याळ नसे, कारखान्यातल्या कटकटी नसत. दिवसभर उभे राहून घरी आलात तरी अशा दिवशी तुमचा चेहरा टवटवीत असे, आणि आता दिवसभर बसून संध्याकाळी तुम्ही थकलेले दिसता. याचे कारण केवळ वय आहे, असे मला वाटत नाही.

शिकागो विद्यापीठात मिहाय चिकसेंटमिहाय नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९३४ सालचा. २०२१ मध्ये ते गेले. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक अशा लोकांशी बोलून, माणूस कामात पुरता बुडून जातो तेव्हा नेमके काय घडते, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अशा वेळी पुढे काय करायचे हे स्वच्छ ठाऊक असते, केलेले बरोबर आले की चुकले हे तिथल्या तिथे कळते, आणि काम आपल्या कौशल्याला पुरेपूर कामाला लावते. काम झेपेनासे झाले की मनाला धास्ती लागते आणि फार सोपे झाले की कंटाळा येतो. लोकांजवळ पेजर देऊन तो दिवसातून अवचित वाजवायचा, आणि त्या क्षणी तुम्ही काय करता आहात, मन कसे आहे, हे लिहून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की ही तल्लीनता लोकांना फावल्या वेळापेक्षा कामाच्या वेळी कितीतरी जास्त वेळा लाभत होती. तरीही कामावर असताना त्याच लोकांना ‘आपण दुसरे काहीतरी करत असतो तर बरे’ असे वाटत होते. टीव्हीविषयीही त्यांनी पाहिले. तो पाहताना माणूस सैलावतो खरा, पण बंद केल्यावर ते सैलावणे संपते आणि मरगळ तेवढी मागे राहते.

आबा, लेथवर हे सगळे तुम्हाला रोज मिळत होते. उद्दिष्ट ड्रॉइंगवर लिहिलेले असे, उत्तर मायक्रोमीटर देई आणि प्रत्येक जॉब निराळा असे. निवृत्तीनंतर पगार थांबला त्याची सोय आपण केली, पण ही जी रोजची शिदोरी थांबली तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आई, तुझी वाकळ माळ्यावर गेली, ते मला फार लागले. जुनी लुगडी एकावर एक अंथरून तू कडेकडेने धावदोरा घालत आत येतेस, तेव्हा डावा हात खालून कापड चाचपत असतो आणि कुठे चुणी पडली की डोळ्यांआधी त्या हाताला कळते. शेजारी म्हणतात की बाजारात ब्लँकेट मिळते. ब्लँकेट मिळते, हे मलाही ठाऊक आहे. मला वाकळ अंगावर घेण्यापेक्षा तू ती शिवत असताना कशी असतेस, याचे मोल जास्त वाटते. मोतीबिंदूचे ऑपरेशन चांगले झाले आहे. पूर्वेच्या खिडकीशी, पाठीला टेकू देऊन, सकाळच्या उजेडात बसावे आणि मान अवघडण्याआधी उठावे. एकदम मोठी न घेता आधी बाळाची दुपटी शिवावीस, आणि ती सहज होऊ लागली की मग नक्षी वाढवावीस.

माझ्यापुरते सांगायचे तर हिशेब तपासण्याचे अवघड काम मी आता सकाळीच घेते आणि तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते. मन कामात उतरायला थोडा वेळ लागतो, आणि मध्ये एकदा जरी फोन वाजला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पोळ्या लाटतानाही मी आता काही ऐकत बसत नाही. पोळी गोल आणि सगळीकडे सारखी पातळ येते का, एवढेच पाहते. एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

आबा, गल्लीतला तो मुलगा आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला आहे. त्याला व्हर्नियरवरचे माप वाचायला आणि टूलला धार लावायला तुम्ही शिकवावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. हाताला आलेली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी सांगणे हे लेथ चालवण्याहून अवघड आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या जोगते आहे. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तपासणीचे काम थोडा वेळ मिळाले तर तेही घ्यावे, मात्र उभे राहण्याचे घेऊ नये.

यापुढे मी सकाळी दहा ते बारा या वेळात फोन करणार नाही आणि दादालाही तसे सांगितले आहे. तुम्हीही त्या वेळात टीव्ही लावू नये आणि कोणी बोलवायला आले तर ‘नंतर येतो’ असे सांगावे. रात्री जेवणे झाल्यावर मी फोन करीन, तेव्हा त्या मुलाला काय जमले आणि काय अडले, ते मला तपशिलाने सांगावे.

आपली लाडकी लेक