मिने, ताईचा रिपोर्ट आला

मिने,

ताईला स्तनाचा कॅन्सर निघाल्यावर केलेला जीन रिपोर्ट आला. बीआरसीए १ आणि २, स्तनाच्या कॅन्सरसाठी सगळे तपासतात ते जीन, त्यांत काही नाही, टीपी५३ या जीनमध्येही काही नाही, घरात सगळे एकदम हलके झाले, भावोजींनी तर फोन करून करून सगळ्या नातेवाईकांना कळवलं. मी शेवटच्या पानावर अडकलेय. तिथे खाली एक ओळ आहे, एटीएम जीन, एक मिससेन्स बदल, म्हणजे एक अमिनो आम्ल बदललेलं, हेटेरोझायगस, म्हणजे दोनपैकी एकाच प्रतीत, आणि पुढे व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून माहीत नसलेला बदल. आत्ता वाचता वाचता तू जिथे थांबलीस ना, तिथेच मी थांबले. घरात हे कुणाला सांगू? भावोजी म्हणाले एटीएम निघालंय तर पैसे तरी निघू देत, सगळे हसले, ताई सगळ्यात मोठ्याने हसली, हसले मीपण, पण डोक्यात तू आणि आपली लॅबमधली ती खोली.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर नीट आहे, आईचे गुडघे आहेत तसेच.

टीपी५३ ची ओळ मी सगळ्यात आधी शोधली हे तुला वेगळं सांगायला नको. त्यात काही निघालं असतं तर डॉक्टरांनी रेडिएशनचा विचारच वेगळा केला असता, ती ओळ वाचून मी रडले आणि सगळ्यांना वाटलं बीआरसीएसाठी रडतेय. वाटू दे. एटीएमचं काउन्सेलरबाईंनी ताईला नीट सांगितलं, की हा बदल वाईट आहे असा पुरावा नाही, निरुपद्रवी आहे असाही नाही, याच्यावरून उपचार बदलायचे नसतात. ताईने ऐकलं, मान हलवली, आणि घरी येईपर्यंत विसरली पण. मला विसरता येत नाहीये.

रेडिएशन सुरू झालंय. ४० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं माप), १५ सिटिंग, तीन आठवडे. आपण पाठ केलेले ५० ग्रे आणि पाच आठवडे गेले गं, आता तर २६ ग्रे पाच सिटिंगमध्ये देऊन आठवड्यात संपवायची पद्धतही आलीये, २०२० ला त्याचा ब्रिटिश ट्रायल छापून आला. ताईची डावी बाजू, म्हणून श्वास भरून धरायला लावतात, छाती फुगली की हृदय बीमपासून लांब सरकतं. ती म्हणते पोहताना दम धरायचे ते आता कामाला आलं. छाकुलीला पहिल्या दिवशी सांगत होती की आता आई अंधारात चमकणार, आणि पोरीने खरं मानून रात्री पांघरूण उचलून बघितलं! मग मला तिला समजवावं लागलं की मशीन बंद झालं की किरण संपले, आईच्या अंगात काही उरत नाही, खुशाल कुशीत झोप.

पण मला कोण समजावणार? दारावरचा लाल दिवा लागतो आणि मी बाहेर बसून हिशोब करते. एका ग्रेला एका पेशीत डीएनएचा एकच धागा तुटलेले साधारण हजार सिंगल स्ट्रँड ब्रेक आणि दोन्ही धागे तुटलेले ३०-४० डबल. एका सिटिंगला २.६७ ग्रे. म्हणजे बीमच्या वाटेतल्या प्रत्येक पेशीत शंभराच्या आसपास डबल ब्रेक, त्वचेच्या, स्नायूच्या, फुप्फुसाच्या त्या पातळशा कडेच्या, सगळ्या निरोगी, ज्यांनी काहीच केलेलं नाही. त्यातलं बरंचसं थेट किरणांनी पण नाही, पेशीतलं पाणीच फुटतं आणि त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल डीएनएवर जाऊन पडतात. आणि हे तुटलंय हे ओळखून हाक मारणारं प्रोटीन कुठलं, तर एटीएम. आता सांग मी त्या खुर्चीवर शांत कशी बसू?

तुला आठवतंय ना आपलं भांडण. रक्ताच्या ट्यूबला ४ ग्रे दिले होते, कल्चर ४८ तास, पेशी विभागताना थांबवायला कोल्सेमिड, रंगवायला गिम्सा, आणि तू मायक्रोस्कोपवरून उठायलाच तयार नाहीस, "आणखी एक डायसेंट्रिक! आणखी एक!" पेशीमागे सरासरी एक सापडत होता आणि तुझा आनंद असा की जणू तूच जन्माला घातलेस. मी म्हटलं होतं की हे दोन सेंट्रोमियरवाले, म्हणजे ओढून न्यायच्या दोन जागा असलेले क्रोमोसोम, दिसायला भयंकर आहेत पण निरुपद्रवी आहेत, पेशी विभागायला गेली की ओढाताणीत ती मरणार आणि विषय संपणार. घाबरायचं त्याला जे आपल्याला या रंगात दिसतच नाहीये. दोन क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन नीट बसले, दोघांना एकेक सेंट्रोमियर, पेशी जगली, वाढली, सगळं वरून छान, आणि आत चुकीचं जोडलेलं. तू म्हणालीस पेशी तुझ्यापेक्षा हुशार आहे, ती दुरुस्त करते. मी म्हटलं दुरुस्तच चुकीची करते तेव्हा म्यूटेशन होतं. बहीण क्रोमॅटिड, म्हणजे त्याच क्रोमोसोमची नक्कल, जवळ असेल तर बघून बघून नीट भरता येतं, पण बहुतेक वेळी ती नसतेच, मग हाताला लागतील ती दोन टोकं धरायची आणि जोडून टाकायची, मधली चार अक्षरं गेली तर गेली. तू कोल्सेमिडची बाटली आपटून निघून गेलीस आणि दोन दिवस बोलली नाहीस. मी अजूनही म्हणते की माझं बरोबर होतं. आणि माझं चूक ठरावं असं पहिल्यांदाच इतकं मनापासून वाटतंय.

आज गाडीत ताईने विचारलं. म्हणजे साधंच विचारलं, खिडकीबाहेर बघत, "तू हेच शिकलीस ना गं, चांगल्या पेशींचं काय होतं?" मी सांगितलं की त्यांनाही मार बसतो, पण त्यांची दुरुस्ती कॅन्सरच्या पेशींपेक्षा बरी असते, म्हणून तर रोज थोडं थोडं देतात, मधल्या तासांत त्या बहुतेक सावरतात. सगळं खरं सांगितलं, एक शब्द खोटा नाही. ती म्हणाली "मग ठीक आहे" आणि रेडिओ लावला. तिची दुरुस्ती बरी आहे का, हे मात्र मी कशावरून म्हणू? पुस्तकातल्या पेशीची बरी असते. त्या ओळीतला बदल असलेल्या पेशीची?

माहितीये तू काय म्हणशील. ज्यांच्या दोन्ही प्रती खराब असतात त्या अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियाच्या मुलांना रेडिएशन सोसत नाही, ताईची एक प्रत तर पूर्ण चांगली आहे आणि दुसरीतही नुसता एक प्रश्न आहे. बरोबर. २०२० मध्ये अमेरिकेतल्या तीन कॅन्सर संघटनांनी मिळून सांगितलंय की एटीएमची एक प्रत खरंच बिघडलेली असली तरी गरज असेल तिथे रेडिएशन द्यावं. हेही बरोबर. पण २०१० चा तो पेपर मला सोडत नाहीये. दुसऱ्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांचा. काही दुर्मिळ मिससेन्स बदल, जे घातक असतील असं कॉम्प्युटरने ठरवलं होतं, ते ज्यांच्यात होते आणि दुसऱ्या बाजूला रेडिएशनचा डोस गेला होता, त्यांच्यात धोका वाढलेला दिसला, एक ग्रे किंवा वर गेला असेल तर जास्तच. हो, असे बदल असलेल्या बायका थोड्या होत्या, कॉम्प्युटरचा अंदाज म्हणजे काही निकाल नव्हे, आणि तेव्हाची मशीन जुनी. मी स्वतःला रोज सांगते. तरी ताईच्या प्लॅनमध्ये उजव्या बाजूला किती डोस जातोय हे मी डॉक्टरांना विचारलंच, आणि त्यांनी न चिडता स्क्रीनवर उघडून दाखवलं, एका ग्रेच्या बरंच खाली. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर.

आणि रेडिएशन नको म्हणायचं तर काय? १०,८०१ बायकांची आकडेवारी आहे, २०११ ची, स्तन वाचवून ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन न घेतलेल्यांत दहा वर्षांत ३५ टक्क्यांना कॅन्सर परत आला, घेतलेल्यांत १९. त्याच वर्षी अमेरिकेच्या नोंदींवरून हिशोब झाला की रेडिएशन घेऊन कॅन्सरमधून वाचलेल्या मोठ्या माणसांना पुढे जे दुसरे घन (गाठीचे) कॅन्सर झाले, त्यातले साधारण ८ टक्केच रेडिएशनमुळे होते, बाकी वय, तंबाखू, जीन, सगळं धरून. मला डॉक्टर व्हायला सांगितलं असतं तर मीपण ताईला तेच लिहून दिलं असतं. मी ताईला थांबवत नाहीये, थांबवणारही नाही.

पण मिने, ती ४१ वर्षांची आहे. घन कॅन्सर यायला दहा वर्षं लागतात, वीस लागतात, आणि ताईला ती वर्षं मिळावीत म्हणूनच तर हे चाललंय. तिला ती वर्षं मिळाली की माझी भीती सुरू होणार, हे मी कुणाला कसं सांगू? तिची त्वचा लाल होईल, दिसेल, मलम लावू, बरी होईल. मेलेल्या पेशींचं मला काही नाही. कुठेतरी एक पेशी जगेल, शहाण्यासारखी, तिने तुटलेलं जोडून टाकलेलं असेल आणि ती गप्प बसेल, कुठल्याही स्कॅनमध्ये ती दिसायची नाही. ताईपुरतं उत्तर देणारी टेस्टच नाहीये, रक्त काढून लॅबमध्ये रेडिएशन देऊन डायसेंट्रिक मोजले तरी तिचं पुढे काय होईल ते कळत नाही. आपण मोजले असते, नाही? मनात आलं होतं माझ्या, खरंच, तुला फोन करून म्हणावं की ये, मोजू.

तू सेमिनारला सांगितलेला तो मेंढा आठवतोय मला सारखा. रेगो या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये मेंढ्याच्या वृषणांना एकदम डोस दिला तर कातडी जळाली, थोडा थोडा करून दिला तर कातडी राहिली आणि मेंढा वांझ झाला, त्यावरून पुढे कूतार या डॉक्टरने माणसांना तसं द्यायला सुरुवात केली. तू वृषण हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे म्हणालीस की सर पण हसायला लागले. ताईला सांगितलं तर म्हणाली, त्या मेंढ्याला माझा नमस्कार.

छाकुलीसाठी एक बरं आहे, ती आधीच जन्मलेली आहे, आईच्या रेडिएशनचं तिच्यात काही उतरणार नाही. तिला तो एटीएमचा बदल असायची शक्यता निम्मी, पण व्हीयूएससाठी लहान मुलांची टेस्ट करत नाहीत आणि मी विषयही काढलेला नाही.

तुझं काय? नवीन लॅब कशी आहे, बॉस बोलतो का नीट? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? ओंकारला बारावीच्या शुभेच्छा सांग, त्याचे फोटो बघितले, ताडमाड झालाय, लिहायचं राहून गेलं होतं.

आता काम सांगते. रिपोर्टमधला बदल कुठल्या जागी आहे, कुठलं अमिनो आम्ल बदललंय, ते मेसेजवर पाठवलंय. काइनेज भागात, म्हणजे प्रोटीनच्या मुख्य काम करणाऱ्या भागात, नाहीये, एवढं मी बघितलंय. तू डेटाबेसमध्ये नीट शोध, आणखी कुणात सापडलाय का, कुणी काही म्हटलंय का. आणि मग फोन कर आणि माझ्याशी भांड. पेशी हुशार आहे हे मला पुराव्यासकट सांग, जसं तेव्हा ओरडून सांगितलं होतंस तसंच. दुपारी नको, दुपारी सिटिंग असतं, संध्याकाळी सातनंतर कधीही. ताईशी पण बोल, पण तिच्याशी एटीएमचं नको, तिला तो मेंढा तुझ्या तोंडून ऐकायचाय.

तुझी,
अनू