तात्पर्य लिहून घेण्याआधी चित्रपट थांबवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतून मूल्यशिक्षणाच्या तासाला चित्रपट दाखवले जातात, हे चांगलेच आहे. मात्र चित्रपट संपताच 'यातून कोणता बोध मिळाला?' असे फळ्यावर लिहून मुलांकडून पाच ओळी उतरवून घेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी हे पत्र आहे. नोकरीच्या काळात मीही तेच करत आलो, हे आधीच कबूल करतो.

निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी विश्रामबागेत महाविद्यालयीन मुलांना चित्रपट दाखवतो. मध्यंतरी संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) लावला होता. कोकणातले आजोबा, नातवाच्या डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी कायमची जाईल, ही कथा बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या मते यातला खरा पेच शस्त्रक्रिया करावी की नाही हा नाहीच, कारण जीव वाचवायचा हे उघड आहे. पोराला हे सांगायचे कोणी, आणि न सांगता त्याला टेबलावर नेले तर ती दया ठरेल की फसवणूक, हा खरा पेच आहे. मुलाला कल्पना दिलीच पाहिजे, असा आग्रह डॉक्टर धरतात, तिथे आम्ही चित्रपट थांबवला आणि दिवे लावले.

थोडा वेळ कोणी बोलेना. मग मिरजेत नर्सिंग शिकणारी एक मुलगी उठली. मिरजेच्या दवाखान्यांत कोकणातून, कर्नाटकातून असे आजोबा नेहमी येतात आणि संमतिपत्रावर अंगठा घेताना शाईचे पॅड अनेकदा तिच्याच हातात असते. लहान मुलाच्या वतीने पालकाची सही कायद्याला पुरते, हे तिने सांगितले आणि म्हणाली, "पण पट्टी सोडल्यावर 'लाइट का लावत नाही' असं पोर रात्रपाळीला मला विचारणार." त्यावर एक मुलगा चिडून म्हणाला, की सात-आठ वर्षांच्या पोराला आदल्या दिवशी हे सांगून मोकळे होणारा माणूस स्वतःच्या मनावरचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवतो. पाऊण तास वाद चालला. दोघेही हटले नाहीत, आणि दोघांचेही मला पटत होते. एवढ्यात प्रमुख पाहुणे उभे राहिले, 'जीवन अनमोल आहे, हाच या चित्रपटाचा संदेश' असे म्हणाले, टाळ्या पडल्या आणि सगळे चहाकडे वळले. पाहुण्यांचे चुकले असे नाही, पण त्या वाक्यावर वाद घालण्यासारखे काही उरलेच नव्हते. (तेव्हापासून आम्ही प्रमुख पाहुणे बोलावणे बंद केले. नारळाचाही खर्च वाचतो.)

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांच्या नैतिक विचारक्षमतेचा उल्लेख आहे. ती क्षमता वाढवायची असेल, तर पात्राचा निर्णय पडद्यावर दिसण्यापूर्वी मुलांना स्वतःचा निर्णय घ्यायला लावला पाहिजे. एकदा शेवट कळला की मुले दिग्दर्शकाच्या बाजूने मत देतात, कारण परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरले जाते. यासाठी शाळांना एका तासाऐवजी सलग दोन तास द्यावे लागतील, आणि त्या दिवशी वही बंद ठेवावी लागेल.

पुढच्या वेळी विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' दाखवायचे ठरले आहे. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आपल्या साखरपट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्यापैकी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आत्तापासूनच त्याचे वकीलपत्र घेऊन बसले आहेत: माणसाने गावात पैसा आणला, हे तुम्ही का मोजत नाही? मला मात्र त्यातला दारुडा मास्तर अधिक छळतो, कारण तो हिंदुरावाच्याच घरी राहून, त्याचीच दारू पीत, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हे विचारत राहतो. चित्रपट नेमका कुठे थांबवायचा यावर अजून आमचे एकमत नाही. मास्तर पेला हातात घेतो तिथे थांबवावा, असे माझे म्हणणे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली