ऑक्टेन वाढलं म्हणून गाडी पळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. 'ऑक्टेन जास्त तेवढा पिकअप आणि ॲव्हरेज जास्त' हे कशाच्या आधारावर छापलंत?

ऑक्टेनच्या आकड्यावरून पेट्रोलची ताकद कळत नाही. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल अवेळी, आपोआप पेटू नये, ती सहनशक्ती त्या आकड्यावरून कळते. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या ज्या इंजिनाला कंपनीनेच वरचं ऑक्टेन सांगितलंय, त्याला ते द्यायलाच हवं. नाहीतर चढावर इंजिन टकटकतं, किंवा ती टकटक ओळखणाऱ्या नॉक सेन्सरमुळे इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी मरगळते. पण ज्या गाडीच्या पुस्तिकेत 91 ऑक्टेन पुरे असं लिहिलंय, तिच्यात 100 ओतून काय मिळणार? आणि 20 टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोलच आता 95 चं आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

असल्या लेखांचा भुर्दंड आम्हाला पडतो. गेल्या महिन्यात हायवेवरच्या एका पंपावर स्पष्ट सांगितलं, 'हजारचं साधं.' पोराने 'झिरो बघा' म्हणत नोझल लावलं. माझं लक्ष दराच्या खिडकीकडे गेलं तर दर महागड्या पेट्रोलचा! आरडाओरडा करून थांबवेपर्यंत तीनशेच्या वर आकडा गेला होता. मॅनेजर येऊन म्हणतो, 'काका, इंजिनला चांगलंच आहे, पेपरात येतं की.' पावती मागितली तर रोल संपलेला. पैसे मुकाट्याने मोजावे लागले.

त्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं घालतात, त्याचा उपयोग असेलही. मग तसं लिहा, ऑक्टेनच्या नावावर कशाला खपवता? टॅक्सीवाल्याला लिटरमागे जास्तीचे पैसे म्हणजे रोजच्या कमाईला कात्री आहे.

आणि ॲव्हरेजचीच काळजी असेल तर पंपावरच्या मोफत हवेबद्दल लिहा. टायरमध्ये हवा कमी असली की पेट्रोल जास्त जळतं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. आमच्या भागात हवेच्या मशीनवर 'बंद आहे' ही पाटी कायमची. महाग पेट्रोलचं मशीन मात्र एक दिवस बंद पडलेलं पाहिलं नाही.

चूक दुरुस्त करून त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा