साडेआठ सेंटिमीटर

उलानबातर, मंगोलिया

प्रिय दोस्ता,

तुझे मेसेज वाटेत मिळत होते, पण हे काही फोनवर चार ओळींत मावणारं नव्हतं. आज इथे पोचलो, अंघोळ झाली, पोटात गरम जेवण गेलं. मास्तर आणि डॉक्टर कपडे घेऊन लाँड्रीत गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसलोय. पहिली बातमी ही की ठरवलं होतं तसंच झालं. सिंगापूरच्या वुडलँड्सपासून इथपर्यंत आम्ही रेल्वेने आलो. विमान नाहीच, आणि रस्ता लागला तोही एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जाण्यापुरता.

तू विचारलं होतंस, एवढे दिवस गाडीत बसून तुम्ही करणार काय? त्याचं उत्तर देतोच. पण आधी रुळांबद्दल लिहू दे, कारण या प्रवासात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्यांनी. सिंगापूरहून मलेशिया, थायलंड करत, मेकाँग ओलांडून व्हिएन्तिआनच्या वेशीपर्यंत मीटर गेज आहे, म्हणजे दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर. व्हिएन्तिआनहून उत्तरेला जी नवी लाईन निघते ती चिनी मापाची, १४३५ मिलिमीटर. आणि मंगोलियात रशियन माप, १५२० मिलिमीटर. एकाच खंडात सलग चालत गेलं तर ही तीन मापं लागतात. कोण कोणाच्या ताब्यात होतं, कोणी कोणाला पैसे दिले, कोणाचा कोणावर भरवसा नव्हता, ते सगळं त्या दोन रुळांमधल्या अंतरात उतरलंय. शाळेत इतिहास वाचला तेव्हा हे असं कधी कळलं नव्हतं.

मलेशिया भरकन गेला. विजेवरची गाडी चकचकीत, एसी हाडं गोठवणारा, बाहेर पामच्या बागा संपता संपत नाहीत. पादांग बेसारला एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के बसतात आणि घड्याळ एक तास मागे घ्यायचं. तिथून थाई स्लीपर. संध्याकाळी अटेंडंट आला. समोरासमोरच्या दोन सीट ओढून त्याने खालचा बर्थ केला, किल्ली फिरवून वरचा खाली उतरवला, गादी टाकली, चादर ताणून कोपरे दाबले, पडदा अडकवला आणि पुढच्या खणात गेला. एकही हालचाल वाया नाही. तू असतास तर सगळा डबा संपेपर्यंत त्याच्या मागेमागे फिरला असतास.

बँकॉकहून एक फाटा मुद्दाम घेतला. थोनबुरी स्टेशनवरून कांचनाबुरीकडे साधी गाडी जाते, उघड्या खिडक्या आणि डोक्यावर पंखे. क्वाई नदीवरचा पूल तिथलाच, तिथे फोटोवाल्यांची गर्दी असते. पण मी तुला सांगणार आहे ते दफनभूमीबद्दल. थायलंडमधून ब्रह्मदेशात जाणारा हा ४१५ किलोमीटरचा मार्ग जपानी सैन्याने १९४२-४३ मध्ये युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतला. १२,००० हून जास्त युद्धकैदी त्यात मेले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या कबरी गावातच आहेत: कापलेली हिरवळ, सरळ रांगा, नाव, पलटण, वय. डॉक्टर एकेक वय वाचत चालला होता. विशी-पंचविशीतली पोरं. आणि आशियाई मजूर मेले ते सुमारे ९०,०००. ब्रह्मी, मलायी, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमीळ. त्यांच्यासाठी अशा रांगा नाहीत, दगडावर नाव नाही. कामाच्या आमिषाने गाडीत बसवलेली ती माणसं, त्यांच्यातली कित्येक बायकामुलांसकट गेलेली. पुढे लाकडी खांबांवरच्या वळणावरून आमची गाडी कड्याला घासत हळूहळू गेली, तेव्हा डब्यातले पर्यटक टाळ्या वाजवत होते. मला राग आला. अजूनही गेलेला नाही.

युद्धानंतर सीमेजवळचे रूळ उखडले. आज म्यानमार ना थायलंडशी रेल्वेने जोडलेला आहे, ना भारताशी. म्हणून भारतातून पूर्वेला गाडीने निघता येत नाही आणि आम्हाला सुरुवात सिंगापूरला करावी लागली. नकाशात फट दिसते ती नुसत्या डोंगरांची नाही.

लाओसमध्ये मात्र उलटं. २०२१ च्या डिसेंबरपर्यंत त्या अख्ख्या देशात रेल्वे होती ती साडेतीन किलोमीटर, थायलंडच्या पुलावरून आत आलेली. आता चीनच्या सीमेपर्यंत चारशेवर किलोमीटर आहे आणि त्यात ७५ बोगदे. खिडकीतून दिसतं ते असं: अंधार, मग एक हिरवी दरी, एक लाल नदी, चार घरं, पुन्हा अंधार. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले शोधून काढल्याशिवाय रूळ टाकता येत नव्हते. शेजारच्या सीटवरची मुलगी सुट्टीत घरी निघाली होती. पूर्वी बसने पूर्ण दिवस जायचा म्हणाली, आता दुपारच्या जेवणाला पोचते. या रेल्वेचं कर्ज लाओसला झेपेल का, यावर मास्तर तासभर बोलला आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या मुलीचं जेवणही मला तितकंच खरं वाटतं.

सीमेवर लाओसचं बोतेन आणि चीनचं मोहान अशा दोन्ही ठिकाणी सगळं सामान घेऊन उतरावं लागतं. चीनचा व्हिसा आधी काढून ठेवलेला हवा, हे तुझ्यासाठी आत्ताच लिहून ठेवतो.

चीनमध्ये हायस्पीड गाड्या आहेतच, पण आम्ही रात्रीच्या साध्या गाड्यांचा हार्ड स्लीपर घेतला. एका खणात सहा बर्थ, दार नाही. सगळ्यात वरच्या बर्थवर ताठ बसताही येत नाही. दिवसभर सगळे खालच्या बर्थवर, जणू तो सार्वजनिक कट्टाच. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी मिळतं, त्यामुळे चहा आणि कपातल्या नूडल्स अखंड चालू. रात्री दहाला दिवे बंद.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही बोललो. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेवढं. मास्तरने त्याच्या वडिलांबद्दल जे सांगितलं ते मी पत्रात लिहिणार नाही, तो तुला स्वतः सांगेल. डॉक्टरने नोकरी सोडायचं मनात आहे ते तिथेच पहिल्यांदा उच्चारलं. समोरासमोर बसून हे बोलणं जड जातं. खिडकीबाहेर बघत बोललं की जमतं. आणि उठून जायला जागा नसते, त्यामुळे वाक्य अर्धवट सोडता येत नाही. आमची भांडणंही झाली. वरच्या बर्थची पाळी, पैशांचा हिशेब, कोण घोरतो. पण गाडीत भांडण फार टिकत नाही, कारण पाणी आणायला एक जण उठला की तो तिघांचे कप घेऊन जातो. तुझी जागा रिकामी आहे हे तिघांनाही जाणवत होतं. पत्ते वाटताना मास्तरचा हात रोज चौथ्याकडे जायचा.

आणि एरलियान. चीनचं शेवटचं स्टेशन, पलीकडे मंगोलिया. १५२० उणे १४३५, फरक फक्त ८५ मिलिमीटरचा. या साडेआठ सेंटिमीटरसाठी अख्खी गाडी उचलतात. आधी पासपोर्ट घेऊन गेले, संडासाला कुलूप लागलं. मग गाडी मागेपुढे धक्के देत एका लांबलचक शेडमध्ये नेली आणि डबे एकमेकांपासून सोडवले. आम्ही आतच होतो. प्रत्येक डब्याच्या चार कोपऱ्यांना जॅक लागले आणि डबा इतका सावकाश वर गेला की खिडकीबाहेरचा माणूस खाली जाताना दिसला तेव्हाच कळलं. तो हेल्मेटवाला कामगार खालून आमच्याकडे बघून हसला. डब्याखालचे अरुंद चाकांचे सांगाडे गडगडत बाहेर गेले, रुंद आले. एक जण गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात मधली खीळ जागेवर बसतेय का ते बघत होता. हाताने इशारा केला, डबा बोटभर उतरला. पुन्हा इशारा, पुन्हा बोटभर. डबे जोडणारा आकडासुद्धा दोन देशांचा वेगळा, तोही बदलला. तासन्‌तास हे चाललं.

गंमत म्हणजे, ही लाईन १९५५ साली जोडली तेव्हा रुंद रूळ सरळ चीनच्या आत, जीनिंग शहरापर्यंत होते. चीन आणि सोव्हिएत युनियनचं बिनसलं आणि १९६५ मध्ये चीनने सीमेपर्यंतचा आपला भाग अरुंद करून घेतला. दोन सरकारं भांडली, आणि साठ वर्षं हे कामगार रात्री-अपरात्री डबे उचलताहेत. मला त्या टॉर्चवाल्याबद्दल जो आदर वाटला तो कुठल्याच राजवाड्याबद्दल वाटला नाही.

सकाळी गोबी. काही नाही, आणि त्या काही नसण्यात अधूनमधून घोडे. डब्यातला बंब कोळशावरचा, त्याचा वास कपड्यांना लागला तो लाँड्रीतही जाईल असं वाटत नाही. इथे गंदन मठात गेलो. दुसरा एक मठ लडाखच्या कुशोक बकुला रिंपोछेंनी १९९९ मध्ये उभारला. ते दहा वर्षं इथे भारताचे राजदूत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या लामांनी आमच्याकडे बघून 'बकुला' एवढंच म्हटलं आणि मिठाचा दुधाळ चहा पुढे केला.

आता मुद्द्याचं. इथून उत्तरेला उलान-उदे आणि बैकाल सरोवर. रशियातही १५२०च, त्यामुळे चाकं बदलायची नाहीत. तो टप्पा आम्ही यंदा मुद्दाम ठेवून दिलाय, तुझ्याशिवाय करायचा नाही असं तिघांचं ठरलंय. बैकालच्या काठाने गाडी बराच वेळ पाण्याला लागून जाते, १६४२ मीटर खोल आहे ते. पुढच्या उन्हाळ्यात रजा मिळेल का ते आईच्या ऑपरेशनची तारीख बघून कळव. काकूंना आमचा नमस्कार सांग, आणि ऑपरेशनच्या वेळी मी तिथे असेन, ते वेगळं सांगायला नको. खालचा बर्थ तुझा.

तुझाच,
दोस्त