खालचं पार्किंग अन वरचे चार मजले

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एका अपार्टमेंटच्या खाली दुकान काढायचं काम चालू होतं. पार्किंग बंद करून तिथं शटर बसवायचं होतं, ते एक वेळ ठीक, पण शटर मोठं पाहिजे म्हणून ब्रेकर लावून कॉलमची एक बाजू पण तासून टाकली, आतलं लोखंड उघडं पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणे काका प्लास्टर मारलं की दिसणार पण नाही. वर चार मजले आहेत, सगळे भरलेले, लहान लेकरं आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणून हे लिहितोय.

मी २००१ साली सुरतला उधन्यात लूमवर कामाला होतो, आपल्या खान्देशातली हजारो माणसं तिकडे आहेत तसाच मी पण. २६ जानेवारी, सकाळचे पावणेनऊ, खोलीत चहा घेत बसलो होतो आणि जमीन हलायला लागली तर मला वाटलं बाजूचे लूम सुरू झाले, कारण लूम चालू असले की आमची खोली रोजच थरथरायची. मग लक्षात आलं की आज तर सुट्टी आहे, कारखाना बंद आहे. चप्पल न घालता रस्त्यावर पळालो. भूकंप झाला कच्छमध्ये भुजजवळ, आणि सुरतेत पण बिल्डिंग पडली, माणसं गेली.

नंतर आठ दिवसांनी कामासाठी अहमदाबादला जावं लागलं. भुजपासून दोनशे किलोमीटरच्या वर लांब असलेलं शहर, आणि तिथं नव्या बहुमजली बिल्डिंगी पडलेल्या, जुन्या शहरातल्या पोळांमधली, म्हणजे गल्ल्यांतली, घरं मात्र बरीचशी उभी. एक बिल्डिंग अजून विसरता येत नाही, वरचे मजले तसेच, गॅलरीत दोरीवर कपडे वाळत घातलेले, फक्त खालचा पार्किंगचा मजलाच नव्हता, सगळी बिल्डिंग स्कूटरींवर बसली होती.

असं का होतं ते मी तेव्हापासून भेटेल त्या इंजिनिअरला विचारत आलोय. वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांना विटांच्या भिंती असतात त्यामुळे तो भाग डब्यासारखा घट्ट राहतो आणि खाली पार्किंगमध्ये नुसते कॉलम, मग जमीन हलली की सगळा हेलकावा त्या कॉलमवर येतो आणि ते वरच्या किंवा खालच्या टोकाला मोडतात. म्हणून तर भुजनंतर २००२ च्या भूकंप कोडमध्ये, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधकाम कसं करायचं त्या नियमांत, लिहिलं गेलं की असा मोकळा मजला असेल तर त्याचे कॉलम अडीच पट जोर धरून डिझाइन करा. आणि आपण इथं आहे तो कॉलम पण तासतोय!

लोकं म्हणतात, 'आपलाकडे काही व्हत नही भाऊ'. किल्लारीवाल्यांना पण तेच वाटायचं, ते तर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, दगडमातीच्या भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली हजारो जीव गेले. जळगाव, धुळे, नंदुरबार तर बरीच वर्षं तिसऱ्या, म्हणजे त्याहून जास्त धोक्याच्या झोनमध्ये दाखवलेले आहेत. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झालेला आहे. त्यात यावल, रावेर, चोपडा हा सगळा पट्टा तापीच्या गाळाचा, केळीवाले शेतकरी सांगतील की बोअर किती खोल गेला तरी दगड लागत नाही, आणि गाळाची जमीन हादरा वाढवते, अहमदाबाद पण साबरमतीच्या गाळावरच आहे.

आणखी एक सांगतो, बांधकाम चालू असलेल्यांनी आजच साइटवर जाऊन पाहावं. कॉलमच्या उभ्या गजांभोवती बांधतात त्या लोखंडी रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवून सोडलेली असतात, ती आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेली पाहिजेत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि उभे गज बाहेर फुगतात. बीम जिथं कॉलमला भेटतो त्या जोडाजवळ रिंगा चार इंचाच्या आत हव्यात, आपल्याकडे सर्रास सात-आठ इंचावर असतात. याला खर्च किती येतो, थोडं लोखंड आणि बार बांधणाऱ्याचा थोडा जास्त वेळ एवढंच. टाइल्सच्या रंगावरून महिनाभर भांडणारे आपण, रिंगा मोजायला कोणी जात नाही.

जुन्या गावठाणातली धाब्याची घरं वेगळी. त्यांच्यावर दरवर्षी मातीचा थर चढवून चढवून वजन किती झालंय ते एकदा बघायला पाहिजे, निदान जुना थर काढून मगच नवा टाका.

पालिकांना माझी हात जोडून विनंती आहे, की खाली मोकळं पार्किंग असलेल्या बिल्डिंगी आधी तपासा, वॉर्डावॉर्डाने तपासा आणि जिथं कॉलम फोडलाय तिथं काम त्याच दिवशी थांबवा. आमच्या गल्लीतलं ते शटर अजून बसलेलं नाही, प्लास्टर पण झालेलं नाही, कॉलम अजून दुरुस्त होऊ शकतो.

आपला,
एक वाचक, जळगाव