चुल्हा मन्हा आठेच शे

अमळनेर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिगू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कबूल. त्यातलं एक तर २०२४ च्या जानेवारीतलं. 'आपल्या प्रताप कॉलेजच्या आवारात ९७ वं साहित्य संमेलन भरतंय आणि तू मला मुक्कामाला ये म्हणत नाहीस?' असं रागानं लिहिलं होतंस. बोलवायचं होतं रे. पण आल्या आल्या 'सध्या काय लिहितोयस?' असं तू विचारणार, आणि सहा वर्षं मी एक ओळ लिहिली नव्हती. संमेलनात पिशवीभर नवी पुस्तकं घेतली, सगळी वाचली, चांगली होती. वही मात्र उघडावीशी वाटली नाही. तब्येत बरी आहे, साखर गोळीवर आहे.

आज लिहितोय त्याचं कारण दहा रुपयांचं आहे.

गेल्या मंगळवारी शेताच्या कागदांसाठी धुळ्याला गेलो होतो. काम झालं नाही. गाडीला वेळ होता म्हणून पाचकंदिलाजवळ रद्दीवाल्याकडे थांबलो. गाइडं, दिवाळी अंक, कुणाच्या तरी बीएच्या नोट्स, आणि त्यात एक तीन अंकी नाटक. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नाटकाचं नाव नाही की लेखकाचं. पिना गंजून कागदाला चिकटलेल्या. मी सहज चाळलं आणि तिथेच फूटपाथवर बसलो.

दिगू, ती प्रॉम्प्टरची प्रत आहे.

पानापानावर पेन्सिल. 'पॉज.' 'विंगेतून भांडं पडल्याचा आवाज.' 'लाइट नसला तर हे वाक्य गाळा.' एका जागी नुसतं 'थांबा, तो विसरतो.' तू त्या शिपायाच्या भूमिकेवाल्या पोराला विंगेतून वाक्य सांगायचास ते तिसऱ्या रांगेला ऐकू जायचं, आणि एकदा प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्यानं तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगून त्याला मदत केली होती, आठवतं? मी फूटपाथवर एकटा हसत होतो. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला हिशोब आहे: गॅसबत्तीचं भाडं, दाढीमिशा, चहा, 'बैलगाडी उधार'. खाली गावाचं नाव होतं, पण कोपरा फाटलाय. उरलंय ते एवढंच, '…खेडे'. आपल्या भागात शेवटी खेडे असलेली गावं किती, ते तुला मी काय सांगू.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या अंकात एक मोलकरीण आहे. मालक तिला घराबाहेर काढतो. छापलेलं वाक्य असं: 'मी कुठं जाणार धनी? आपल्या चरणांपाशीच माझी जागा.' त्यावर पेन्सिलीची आडवी रेघ, आणि समासात, अगदी शाळकरी गोल अक्षरात:

'मी कोठे जासू? चुल्हा मन्हा आठेच शे.'

मी ते किती वेळा वाचलं असेल! छापलेली बाई पाय धरते. समासातली बाई 'माझी चूल इथेच आहे' म्हणून चुलीवर हक्क सांगते. कुणीतरी बोली बदलायला बसलं आणि बाईच बदलली. पुढे तिची सगळी वाक्यं अहिराणीत करून टाकलीत. मालक छापल्यासारखंच पुस्तकी बोलतो आणि ही त्याला आपल्या बोलीत उत्तरं देते. सगळा अंक तिच्याकडे झुकतो.

आता तुला कळलं असेल मी हे तुलाच का लिहितोय. कॉलेजच्या एकांकिकेत मी आईच्या तोंडी 'शे' आणि 'व्हतू' लिहिलं होतं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी तू लाल पेन घेऊन सगळ्याचं 'आहे' आणि 'होतो' केलंस. 'परीक्षक पुण्याचे आहेत, त्यांना कळणार नाही.' आपण चार दिवस बोललो नाही. मग शेवभाजी खाताना मिटलं, पण मिटलं म्हणजे मीच गप्प बसलो. त्यानंतर मी जे काही लिहिलं त्यात माझी आई एकदाही तिच्या बोलीत बोलली नाही. त्यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे आता मोजत नाही. पण त्याच सुमाराला, किंवा त्याच्याही आधी, कुठल्या तरी खेड्यात गॅसबत्तीच्या उजेडात कुणीतरी नेमकं उलटं करत होतं. परीक्षक नव्हते, समोर गाव होतं. गावाला कळायला हवं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर वही काढली. पाच दिवसांत चौदा पानं झालीत. एक बाई आहे, तिचा चुल्हा आहे, आणि तिला घरातून काढायला आलेला तिचा स्वतःचा आंडोर, पोटचा मुलगा आहे. बाई अहिराणी बोलते. तिला थांबवता येत नाहीये.

आणि इथेच अडलोय. ते वाक्य माझं नाही. ते काढलं तर बाई मुकी होते, मी दोनदा करून पाहिलं. ठेवलं तर कुणाचं म्हणून ठेवू? नाटककाराचं ते नाही, त्याचं तर खोडलंय. लिहिणारा शाळामास्तर असेल, किंवा ज्याला ती मोलकरीण करायची होती तो मिसरूड फुटलेला पोरगा असेल. की त्यानं घरी जाऊन आईला विचारलं, 'माय, तू काय म्हणशी?' मला हेच खरं वाटतं. असं वाक्य चुलीपाशी बसलेल्या बाईचंच असतं. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकानं उतरवून ठेवलं, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावर पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापता आली. पण तिथे कुणाचं बोलणं उतरवतोय हे उतरवणाऱ्याला माहीत होतं. इथे माझ्याकडे फक्त '…खेडे' आहे. हे पुस्तक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन द्यावं, असंही वाटून गेलं. पण मग ते कपाटात बसेल आणि बाई पुन्हा बोलायची थांबेल. उद्या कुणी म्हणालं, 'अरे, ही तर मन्ही माय!' तर मी त्याच्यासमोर ताठ मानेनं उभा राहू शकेन का? ही म्हणते तुम्ही उगाच जीव जाळता. पण दिगू, हे वाक्य नसतं तर मी अजून तसाच बसलो असतो, आणि ज्याचं त्याला हे माहीतही नाही.

शुक्रवारी एरंडोलकडच्या एका खेड्यात जाऊन आलो. म्हाताऱ्यांनी चहा पाजला, नाटकं व्हायची म्हणाले, मोलकरीण आठवत नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाईन. सापडेपर्यंत वाक्य वहीत आहे, पण त्याच्याभोवती चौकट काढून ठेवलीय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मुलीच्या नोकरीचं समजलं, फार आनंद झाला, तिला माझा आशीर्वाद. घराचं काम संपलं का? भरिताची वांगी यंदा चांगली आहेत, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो. आणि हो, बामणोदचं भरीत आमच्यापेक्षा सरस, हे मी तीस वर्षांनी मान्य करतो.

एक काम कर. मावशींपाशी बस आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखव. तुमच्या यावलकडच्या बोलीत ती बाई काय म्हणाली असती, ते विचार. त्या म्हणतील तसंच लिहून पाठव. तुझ्या लाल पेनाला हात लावू नकोस.

तुझा,
प्रभ्या

ता. क. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, 'पडदा सावकाश. ती अजून बसेल शे.'