पाडव्याच्या फोनवर राहून गेलेलं

कुकुता, कोलंबिया
७ एप्रिल २०१९

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

काल फोनवरच सांगणार होते. पण आई, तू मोबाइल गुढीकडे वळवलास आणि म्हणालीस, मेच्या दुसऱ्या आठवड्यात येशील तेव्हा शेवटच्या तोडीचा हापूस मिळेल, दोन डझन तुझ्यासाठी राखून ठेवायला सांगितलेत. मग माझ्याने बोलवेना. म्हणून लिहिते आहे. मी मेमध्ये येत नाही. गुरुवारी मी डिसेंबरअखेरपर्यंत इथेच राहायच्या करारावर सही केली. तुम्हाला न विचारता केली, हे मला फार लागून राहिलंय. विचारलं असतं तर तुम्ही दोघंही 'जा बाळा' म्हणाला असतात, आणि फोन ठेवल्यावर बाबा रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घालत बसले असते. ते मला बघवलं नसतं.

गुडघ्याचं ऑपरेशन मात्र माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही. तारीख मिळाली आहे ती मिळाली आहे. दादा आणि वहिनी आठ दिवस रजा टाकून येणार आहेत, मी दोघांशी बोलले. मावशीही येते म्हणाली.

बाबा, तुम्ही काल पुन्हा रशियन विमानांचं विचारलंत. हो, २३ मार्चला व्हेनेझुएलाच्या राजधानीजवळ, काराकासच्या विमानतळावर दोन उतरली, शंभरेक सैनिक आले. इकडून ट्रम्प म्हणतात सगळे पर्याय खुले आहेत. टीव्हीवर हे दोन तुकडे एकामागून एक दाखवले की उद्याच युद्ध होणार असं वाटतं. पण २५ फेब्रुवारीला व्हेनेझुएलाचा प्रश्न सोडवायला जमलेले लिमा गटाचे देश कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात बसले, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्षही आले होते, आणि लष्करी मार्ग नको असं त्यांनी जाहीर सांगितलं. ब्राझील काय, कोलंबिया काय, व्हेनेझुएलाचा अध्यक्ष मादुरो जावा असं त्यांना मनापासून वाटतं, पण आपल्या वेशीवर लढाई कोणालाच नको आहे. आधीच दहा लाखांहून जास्त व्हेनेझुएलाची माणसं एकट्या कोलंबियात आली आहेत.

तुम्ही विचारता ना, एका देशात दोन अध्यक्ष कसे? आपल्या शिरळच्या जमिनीचं झालं तसंच. २३ जानेवारीला विरोधी पक्षाच्या ग्वाइदोंनी स्वतःला हंगामी अध्यक्ष म्हणवलं, अमेरिकेने त्याच दिवशी मान्यता दिली, मग कॅनडा, ब्राझील, कोलंबिया, पाठोपाठ युरोपातले बरेच देश. मादुरोंच्या मागे रशिया, चीन, क्यूबा, तुर्कस्तान, इराण. चीनने २००७ पासून ५० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज दिलंय, ते तेलाने फेडायचं. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीची अमेरिकेत सिटगो नावाची कंपनी आहे, तिचा ४९.९ टक्के हिस्सा रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीकडे तारण आहे. आणि २८ जानेवारीला अमेरिकेने निर्बंध घालून त्या तेलाचा पैसाच मादुरोंपर्यंत पोचू देणं बंद केलं. घर एकाचं, गहाणखत दुसऱ्याकडे, किल्ली तिसऱ्याकडे. आपलाही त्यात धागा आहेच. तिथलं तेल जामनगरला येतं, आणि फेब्रुवारीत त्यांचे तेलमंत्री गिऱ्हाइकं टिकवायला दिल्लीपर्यंत येऊन गेले. शिरळच्या भांडणात आत्या किती झुरली ते तुम्ही पाहिलंय. ज्यांचं सगळं जायचं त्यांना तिथे कुणी विचारलं होतं?

मी रोज अशाच बायका तपासते. व्हेनेझुएलाच्या सीमेवरचे पूल फेब्रुवारीपासून बंद आहेत, त्यामुळे ताचिरा नदीतून, ज्याला इथे ट्रोचा म्हणतात त्या चोरवाटांनी, पोट सांभाळत येतात. वाटेत टोळीवाल्यांना पैसे द्यावे लागतात. सात महिने झाले तरी एकदाही रक्तदाब मोजलेला नसतो. पुलाशी ला पारादा म्हणून वस्ती आहे, तिथे 'केस विकत घेतो' असं ओरडणारी माणसं उभी असतात. परवा एकीची तपासणी करताना तिने डोक्यावरचा रुमाल सोडला नाही. मग कळलं. आई, तू माझे केस विंचरताना किती जपून गुंता सोडवायचीस, ते आठवून मला पुढची पेशंट बोलवायला जरा वेळ लागला.

आणि बाळ झालं की त्याच्या जन्मदाखल्यावर शिक्का पडतो, की हा दाखला नागरिकत्वाचा पुरावा म्हणून चालणार नाही. कोलंबिया आपलं म्हणत नाही. व्हेनेझुएलाच्या वकिलातीत जावं तर २३ फेब्रुवारीला मादुरोंनी कोलंबियाशी संबंधच तोडले. त्या पोराने दोघांपैकी कोणता अध्यक्ष मानायचा?

एक कबूल करायचं आहे. त्या २३ तारखेला मी तुम्हाला नेटवर्क नव्हतं म्हणाले. पुलावर मदतीचे ट्रक जळले, त्या दिवशी मी ड्युटीवर होते. ट्रक कोणी पेटवले यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. आमचा तंबू पुलापासून बराच मागे होता, अश्रुधुराने डोळे चुरचुरणारी माणसं आमच्याकडे येत होती, मला काहीही झालं नाही. आता सांगितलं, मनावरचं ओझं उतरलं. बाबा, रागावू नका. रागावलात तरी बीपीची गोळी घेऊन रागवा.

तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण मी थांबले ते तुमच्याकडूनच शिकलेल्या गोष्टीमुळे. मार्च १९९९, कोयनेचं लेक टॅपिंग, जलाशयाच्या तळाला स्फोटाने भोक पाडून बोगद्यात पाणी घ्यायचं ते काम. माझी दहावी चालू होती आणि तुम्ही आठ दिवस अलोऱ्याच्या घरी आला नव्हतात. आई डबा पाठवायची, डबा तसाच परत यायचा. मी रुसून बसले होते. तुम्ही आलात, बूट काढलेत आणि एवढंच म्हणालात, "मला सोडून येता येत नव्हतं गो." तेव्हा नाही कळलं. आता इथून निघायचा विचार केला की तेच शब्द तोंडात येतात. एका महिन्यात माझ्या नावावर चौदा बाळंतपणं लागलेली आहेत, आणि माझ्या जागी यायला कुणी मिळालेलं नाही.

माझी काळजी नको. घर पुलापासून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे, दोन मुली सोबत राहतात, अंधार पडल्यावर आम्ही बाहेर पडत नाही. उकाडा चिपळूणसारखा, घाम मात्र कमी. तांदूळ, मसूर, कोथिंबीर, पपई सगळं मिळतं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद इथे बटाट्यासारखा विकतात. तो उकडून, किसून, दाण्याचं कूट आणि मिरची घालून मी एकादशीला खिचडी करते. आई, तुझ्यासारखी मोकळी होत नाही, पण वास तोच येतो. मक्याची जाड भाकरी असते, तिला अरेपा म्हणतात. दोन वेळा नीट जेवते.

आता ऐका. बाबा, स्टेंटनंतरच्या दोन्ही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, अॅसिडिटी झाली म्हणून तर अजिबात नाही. मतदान २३ तारखेला आहे, सकाळी सातलाच जाऊन या, उन्हात रांग लावू नका. टाकीवर चढायचं नाही, मुलाला बोलवा. आई, ऑपरेशनआधी तोंडातली ती दुखरी दाढ दाखवून घे, संसर्ग राहता कामा नये. न्हाणीघरात दांडी बसवायला दादाला सांगितलंय, "भिंत खराब होईल" म्हणून अडवू नकोस. ऑपरेशननंतर दुखेल तरी व्यायाम टाळायचा नाही, मी रोज तुझ्या सकाळी फोन लावून समोर करून घेणार आहे. आंबे दादाच्या पोरांना दे. नाहीतर रसाचं साटं घाल, ते डिसेंबरपर्यंत टिकेल.

आणि बाबा, एक काम आहे. ७ मार्चला व्हेनेझुएलात वीज गेली, कित्येक ठिकाणी पाच-सहा दिवस आली नाही. गुरीचं धरण एकटं बहुतेक देशाला वीज देतं, १०,००० मेगावॉटच्या वरचं, म्हणजे आपल्या कोयनेच्या पाचपट. सरकार म्हणतं अमेरिकेने सायबर हल्ला केला. तिथले बरेच अभियंते म्हणतात, ७६५ केव्हीच्या लाईनखाली वाढलेलं रान पेटलं. माझ्या एका पेशंटचा नवरा पलीकडे ताचिरा राज्यात विजेच्या लाईनवर कामाला होता, आता पुलाशी थर्मासमधून कॉफी विकतो. त्याने माझ्या केसपेपरच्या पाठीमागे सगळं जाळं काढून दाखवलं, अगदी तुम्ही काढायचात तसं. पोफळीत एवढा पाऊस, एवढं रान, तरी तुम्ही लाईनखालचं साफ कसं ठेवायचात, वर्षातून किती वेळा तोडायचात, असं त्याने विचारलंय. रविवारच्या फोनला मला नीट सांगा. मी लिहून घेईन आणि त्याला स्पॅनिशमध्ये समजावेन.

तुमची,
चिमी